सामर्थ्य गाडीचे की सामग्रीचे?

पुण्यात जुन्या मोटारगाड्यांचे शौकीन एकत्र जमले, की त्यांचा वाद कोठूनही सुरू झाला तरी बहुधा घाटात जाऊन पोहोचतो. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची फियाट ११०० अधिक दमदार, की हिंदुस्थान मोटर्सची १४८९ घनसेंटिमीटरची अँबॅसेडर. बोरघाट कोणती गाडी तिसऱ्या गिअरवर चढून जात असे आणि कोणत्या गाडीच्या रेडिएटरमधील पाणी खंडाळ्याच्या आधीच उकळत असे. जिला महाराष्ट्रात सर्रास ‘डुक्कर फियाट’ म्हटले गेले ती पन्नाशीच्या दशकातील गोलसर गाडी पुढे आलेल्या प्रीमियर पद्मिनीपेक्षा काटक होती की नव्हती, असे या वादाचे ठरलेले विषय असतात. वादी-प्रतिवादी दोघेही हा वस्तुस्थितीचा प्रश्न मानतात. परंतु त्याच्या मुळाशी तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न आहे आणि भारतीय दर्शनांनी तो, मोटारीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, बीज आणि अंकुर यांच्या उदाहरणावर कमालीच्या चिकाटीने लढवला आहे. कार्य घडवून आणण्याचे सामर्थ्य वस्तूच्या ठिकाणी असते, की ज्या अनेक कारणांच्या एकत्र येण्याने ते कार्य घडते त्या समुदायाच्या ठिकाणी?

सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांच्या मते जे काही कार्य करू शकते तेच सत्. या कार्यक्षमतेला ‘अर्थक्रियाकारित्व’ अशी संज्ञा आहे. या लक्षणावरून बौद्धांनी पुढचे पाऊल टाकले. कोठारात पडलेले बी अंकुर देत नाही आणि शेतात पेरलेले देते, तेव्हा एक असमर्थ व दुसरे समर्थ असल्याने ती दोन्ही एकच बीज असू शकत नाहीत, आणि म्हणून प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी वेगळी होत असते. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेक’ या ग्रंथात नैयायिकांच्या बाजूने याला उत्तर दिले. बीज तेच आहे; कोठारात त्याला माती, पाणी, ऊब ही सहकारी कारणे, म्हणजे कार्यासाठी मुख्य कारणाच्या जोडीने लागणारी इतर कारणे, मिळाली नव्हती इतकेच. नैयायिकांची परिभाषा येथे फार उपयोगी पडते. एखाद्या वस्तूच्या अंगी कार्यास लागणारी पात्रता असणे ही ‘स्वरूपयोग्यता’, आणि त्या वस्तूने प्रत्यक्षात फळ देणे ही ‘फलोपधायकता’. पहिली वस्तूची असते, दुसरी मात्र सर्व कारणांची ‘सामग्री’ जुळल्याशिवाय संभवत नाही.

जुन्या गाड्यांवरील बहुतेक भांडणे या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे लांबतात, असे म्हणण्यास हरकत नाही. फियाट वजनाने हलकी होती, अँबॅसेडरचे इंजिन मोठे असले तरी त्याला ओढायचे धूडही मोठे होते, हे विधान स्वरूपयोग्यतेविषयी आहे व त्यावर शांतपणे चर्चा होऊ शकते. ‘आमची फियाट घाट तिसऱ्यावर चढायची’ हे विधान मात्र फलोपधायकतेविषयी आहे. त्या चढण्याच्या सामग्रीत मोटारीखेरीज त्या काळचे पेट्रोल, कार्ब्युरेटरमधील जेटचे माप, टायरमधील हवा, मागच्या सीटवर बसलेल्या माणसांची संख्या, डिकीतले सामान, पहाटेची थंड हवा आणि चालवणाऱ्याचा पाय हे सारे होते. १८३० साली खुला झालेला बोरघाटाचा गाडीरस्ता होता आणि त्या रस्त्यावर आजच्या मानाने विरळ वाहतूक होती, त्यामुळे वळणावर पुढच्या मालमोटारीमागे अडकून गिअर खाली आणण्याची वेळ क्वचित येत असे. याच घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा धनगर म्हणून लोकपरंपरेने ज्याला देवपण दिले त्याच्या पायाशी नाणे टाकून पुढे जाण्याची चालकांची रीत आहे. ती निव्वळ भाबडी समजूत म्हणून सोडून देता येत नाही, कारण न्यायदर्शनानेही प्रत्येक कार्याच्या साधारण कारणांत ईश्वर, दिक् व काल यांच्याबरोबर ‘अदृष्ट’, म्हणजे पूर्वकर्मांतून साठलेले पाप-पुण्य, गृहीत धरलेलेच आहे. नाणे टाकणारा चालक सामग्रीचा हिशेब नैयायिकाइतकाच पुरा करत होता.

यावर कोणी म्हणेल की आठवणी बाजूला ठेवून आकडे पाहावेत. पण आकडाही सामग्रीतून सुटत नाही. जुन्या जाहिरातींतील अश्वशक्ती पुष्कळदा ‘ग्रॉस’ असे, म्हणजे एअर क्लीनर, सायलेन्सर, पंखा, डायनॅमो असे शक्ती खाणारे भाग उतरवून केवळ इंजिन चाचणीयंत्रावर बसवून मोजलेली. ‘नेट’ अश्वशक्ती हे सारे भाग जोडून मोजतात व ती साहजिकच कमी भरते. अमेरिकी कारखानदारांनी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी ग्रॉस सोडून नेट आकडे छापायला सुरुवात केली, तेव्हा तीच इंजिने कागदावर अचानक दुबळी दिसू लागली. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या चाचण्या घेते. अशा कोणत्याही प्रयोगशाळेचे पहिले काम इंधन, तापमान, भार या बाबी बांधून टाकण्याचे असते. म्हणजे प्रयोगशाळा सामग्रीपासून मुक्त झालेली नसते. सर्वांसाठी तिने एकच सामग्री ठरवून दिलेली असते, आणि ती बोरघाटाची नसते.

उरते ती स्मृती. प्रमाणांची, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनांची, चर्चा करताना नैयायिकांनी स्मृतीला त्यांत स्थान दिले नाही. पूर्वी घेतलेल्या अनुभवाचा मनावर उमटलेला ठसा म्हणजे संस्कार, आणि केवळ त्या संस्कारातून उपजणारे ज्ञान म्हणजे स्मृती, अशी ‘तर्कसंग्रह’ शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेली व्याख्या आहे. नवव्या शतकातील काश्मिरी नैयायिक जयंतभट्ट यांनी ‘न्यायमंजरी’त स्मृतीच्या अप्रामाण्याचे कारण अधिक नेमके सांगितले: स्मृती ज्या वस्तूविषयी असते त्या वस्तूपासून ती उत्पन्न होत नाही, कारण आठवण जागी होते तेव्हा ती वस्तू समोर असण्याची, किंबहुना कोठेही असण्याची, गरज नसते. स्मृती खोटीच असते असा याचा अर्थ नाही. मूळ अनुभव खरा असेल तर स्मृतीही यथार्थ असू शकते. फक्त स्वतःच्या खरेपणाची साक्ष ती स्वतः देऊ शकत नाही. शौकिनांच्या बाबतीत अडचण अशी, की सामग्रीतले बाकीचे सर्व घटक विरून गेलेले असतात आणि एकटी गाडी शिल्लक असते. मग संपूर्ण सामग्रीने केलेल्या कार्याचे श्रेय जो घटक डोळ्यांसमोर उभा आहे त्याच्याच खात्यावर जमा होते. वयाच्या विशीत हाती आलेले स्टिअरिंग हाही त्या सामग्रीचा भाग होता, हे कबूल करणे कठीण जात असावे.

तीच गाडी आज पुन्हा घाटात नेऊन पाहावी, हा उपाय सोपा वाटतो. परंतु ‘तीच’ म्हणजे कोणती? फियाट ११०० च्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ७५ मिलिमीटर. सिलिंडर झिजले की ते आतून बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन बसवतात; २० थाऊ, मग ४० थाऊ, आणि आणखी वाव उरला नाही की स्लीव्ह ठोकून पुन्हा मूळ माप. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, त्यामुळे ४० थाऊच्या कामात व्यास सुमारे एक मिलिमीटरने वाढतो आणि चार सिलिंडरांचे मिळून आकारमान १०८९ वरून ११२० घनसेंटिमीटरच्या वर जाते. आरसी बुकात मात्र १०८९ हाच आकडा राहतो. नाना पेठेतील दुकानांतून किंवा मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारातून शोधून आणलेला कार्ब्युरेटर, नव्याने घडवलेला गॅस्केट, कधी तर दुसऱ्याच फियाटचे दार, हे सारे यात मिळवावे लागते. शिवाय देशभर २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोल आले आणि आता त्यात इथेनॉल मिसळलेले असते. शिसे ज्या व्हॉल्व्ह सीटचे रक्षण करत असे त्यांना आता ते कवच नाही, आणि इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही.

येथे नैयायिकच अधिक कडक ठरतात, ही मोठी मौज आहे. अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’, म्हणजे सबंध वस्तू, ते मानतात खरे, पण वस्त्रातून एक धागा काढला तर जुने वस्त्र नष्ट होऊन नवे ‘खंडपट’ निर्माण होते, इतक्या टोकापर्यंत ते जातात. ‘तोच हा देवदत्त’ अशी ओळख, म्हणजे प्रत्यभिज्ञा, स्थायित्वाचा पुरावा म्हणून त्यांनी मांडली, तर बौद्धांनी कापून पुन्हा वाढलेल्या केसांचा दाखला देऊन ती ओळख केवळ सारखेपणातून होते असे दाखवले. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्याच रथाचा आस, चाके, जू यांतले कोणते रथ आहे असे विचारतो, आणि ‘रथ’ हे त्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव आहे या निष्कर्षाला त्याला आणतो. हाच पेच १९९० साली लंडनच्या न्यायालयात आला, जेव्हा ल मां येथील १९२९ व १९३० ची शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ बेंटली खरी नाही, असे म्हणून खरेदीदाराने तिचे ठरलेले पैसे देण्यास नकार दिला. शर्यतीच्या वेळचे फारच थोडे भाग गाडीत उरले होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी तरीही ती अस्सल ठरवली, कारण बदल एकामागून एक होत गेले तरी गाडीचे अस्तित्व व इतिहास कोठेही तुटला नव्हता. हा निवाडा मिलिंदाला पटण्यासारखा आहे. उदयनाचार्यांनी त्यावर अपील केले असते.

भारतात केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ हा कायदेशीर दर्जा दिला व त्यांच्यासाठी नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे राखून ठेवली. युरोपातील रूढ अर्थाने व्हिंटेज म्हणजे ढोबळमानाने १९१९ ते १९३० मधील गाडी, त्यामुळे साठीच्या दशकातील फियाट तेथील जाणकाराला त्या नावास पात्र वाटणार नाही. आपल्या नियमाची अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. एका मिलिमीटरचे बोअर हा इंजिनातील बदल की निव्वळ देखभाल, याचा निर्णय वाहन तपासणाऱ्या राज्याच्या समितीने करायचा आहे. नोंदणी मिळाल्यावरही अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी तिला बाहेर काढण्याची मुभा आहे, त्यामुळे फियाट आणि अँबॅसेडर यांचा घाटातील निकाल आता एखाद्या रॅलीचा मार्ग बोरघाटातून गेला तरच रस्त्यावर लागू शकतो.