खिशातली भाकरी

मामांच्या खुब्याचं ऑपरेशन लातूरला झालं आणि आठवड्याभरात ते लोहा तालुक्यातल्या आपल्या घरी परतले. ओसरीत बाज टाकली. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ. "आता कसं वाटायलंय?" हे दारातूनच, चहा येईपर्यंत खर्चाचा आकडा, आणि कप खाली ठेवता ठेवता, असंच ऑपरेशन होऊन सहा महिन्यांत गेलेल्या कुणा पाहुण्याची हकीकत.

वाघ्या काही विचारत नव्हता. आखाड्यावरचं हे गावठी कुत्रं. माळेगावचा खंडोबा तिथून जवळच, यात्रेत घोड्या-गाढवांसोबत श्वानांचंही प्रदर्शन भरतं. कुत्र्याला वाघ्या म्हणायला तिकडे फार डोकं चालवावं लागत नाही. कोटंबा घेऊन फिरणारा खंडोबाचा वाघ्याही स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

पहिले पंधरा दिवस वाघ्याला अंगणातल्या लिंबाला बांधून ठेवलं. बरोबरच केलं. वॉकरच्या पायांत कुत्रं घोटाळलं की पुन्हा लातूर! कुत्र्यानं चाटलं की जखम भरते, हा समजही टाक्यांपासून दहा हात लांब ठेवावा. त्याच्या लाळेतले जंतू ओल्या जखमेत गेले तर महागात पडतं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये एका आजाऱ्याची गोष्ट नोंदवली आहे. त्याची शुश्रूषा नर्सनं केली आणि कुत्र्यानंही. त्याला कुत्र्याची जास्त आवडली. मुख्य कारण, ते बोलत नव्हतं. पुढे १९८०मध्ये अमेरिकेत हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची वर्षभरानंतरची पाहणी प्रसिद्ध झाली. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. पाहणी लहान आहे, तिच्यावर फार भार टाकू नये.

मला मामांच्या ओसरीत दिसलं ते निराळंच. घरच्यांनी त्यांच्याकडची सगळी कामं काढून घेतली होती. बोअरच्या खोलीची किल्ली, सालगड्याच्या हिशेबाची वही, सगळं. "तुम्ही नुसतं पडून राहा." प्रेमानंच, पण त्या प्रेमात माणूस बिनकामाचा होत जातो, हे आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. वाघ्याच्या लेखी मात्र मामा अजून भाकरी देणारेच होते. मामीनं टाकलेली भाकरी तो हुंगायचा आणि मान वळवून ओसरीकडे बघत बसायचा.

फिजिओथेरपिस्टनं रोज चालायला सांगितलं होतं. मामा उंबऱ्यापर्यंत जायचे, दुखतंय म्हणून फिरायचे. एका दिवेलागणीला त्यांनी मामीकडून अर्धी भाकरी मागून घेतली. दोन्ही हात वॉकरवर, मग धरायची कशी? सदऱ्याच्या खिशात कोंबली आणि निघाले. मामी मागोमाग, हात न लावता. लिंबापाशी पोचेपर्यंत भाकरीचा चुरा झाला होता. मामांनी खिसाच उलटा केला.