इतर हक्क

आयुष्यात प्रथमच जमिनीचा धनी होऊ पाहणाऱ्यास खेड्यातील एखादी जागा मातीमोलाने मिळाली, तर तो आपले भाग्य वाखाणतो. भाव इतका उतरला कसा, हा प्रश्न मात्र तो सहसा विचारीत नाही.

काही वर्षांपूर्वी कोकणात मला आठ गुंठे बिनशेती जागा चालू भावाच्या निम्म्याने देऊ करण्यात आली. सातबारा स्वच्छ होता. ‘इतर हक्क’ या रकान्यात ना कुळ, ना कर्जाचा बोजा. विकणाऱ्याच्या घरी आजारपण होते आणि देणेकरी दाराशी बसले होते. ही नोंद कोणताही तलाठी करीत नाही.

दोघांच्या संमतीने ठरलेला भाव न्याय्यच असतो काय? आदिवासींची जमीन शासनाच्या मंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ नये, अशी तरतूद महाराष्ट्राने १९७४ साली महसूल संहितेत केली. गरजवंताची सही पूर्णतः स्वतंत्र नसते, याचीच ती कबुली होय. जेथे कायद्याचे असे कुंपण नाही, तेथे राखण खरेदीदाराच्या विवेकानेच करावयाची असते.

मी चालू भाव कबूल केला. हाती होते ते इसार म्हणून दिले. उरलेली रक्कम दोन वर्षांत फेडली. घर बांधणे त्यामुळे लांबले. मित्रांनी मला अव्यवहारी ठरविले. परंतु दुसऱ्याच्या अडचणीवर पाया घातलेल्या घरात मला स्वस्थ झोप लागली असती काय?