चाखल्याशिवाय न्याय कसा?

आपल्यातल्या शिकलेल्या तरुणांकडून हल्ली एक युक्तिवाद ऐकू येतो. तथागतांनी कालामांना सांगितले की, ऐकीव म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः जाणा. मग मद्याला नावे ठेवण्यापूर्वी ते चाखून पाहू नये काय? हातभट्टीची गोष्ट वेगळी. फळांची बिअर ही तर कारागिरीची वस्तू. तिलाही तोच नियम का? युक्तिवाद चतुर आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्याला दटावून गप्प करणे हा धम्म नव्हे. उत्तर दिले पाहिजे.

आधी वस्तू समजून घेऊ. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सजवळ झेन नदीच्या खोऱ्यात लँबिक नावाची बिअर करतात. मोड आणून वाळवलेले जव आणि कच्चा गहू यांचा काढा उकळून उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवू देतात. यीस्ट मुद्दाम घालत नाहीत. हवेतले आणि लाकडी पिंपातले सूक्ष्म जीवच तो आंबवतात. पुढे त्यात आंबट चेरी घालून महिनोन् महिने मुरवले की 'क्रीक' होते. जुन्या पद्धतीची क्रीक गोड नसते. फळातली साखर ते जीव खाऊन टाकतात. मद्यार्क सुमारे ५ ते ७ टक्के असतो.

तिची परीक्षाही शिस्तीने होते. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या परीक्षक-प्रमाणन संस्थेची गुणपत्रिका ५० गुणांची आहे : सुगंध १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण प्रभाव १०. फळ ओळखू आले पाहिजे, पण त्याने बिअरला झाकून टाकता कामा नये. आपली आवड आणि वस्तूचा दर्जा परीक्षकाने वेगळे ठेवायचे. उत्तरपत्रिका तपासणारा कोणीही शिक्षक या शिस्तीला मान देईल. चवीबद्दल बोलायचे तर चाखलेच पाहिजे, हेही मान्य. परंतु त्या गुणपत्रिकेत एक रकाना नाही : पिणाऱ्याचे आणि त्याच्या घराचे पुढे काय झाले. तो तिचा विषयच नव्हे. आपला विषय मात्र तोच आहे.

विनयात पिठाची, भाताची, किण्व घातलेली ती सुरा, आणि फुलांचे, फळांचे, मधाचे, गुळाचे आसव ते मेरय, असा भेद केला आहे. चेरीची बिअर म्हणजे धान्याची सुरा आणि फळाचे मेरय, दोन्ही एकाच पेल्यात! पण याच विनयात आंबा, जांभूळ, द्राक्षे यांच्या रसाला भगवंतांनी अनुमती दिली आहे. आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मद्याचा रंग, मद्याचा वास, मद्याची चव असूनही जे मद्य नाही, ते पिण्यात भिक्खूला दोष सांगितलेला नाही. म्हणजे धम्माचे वैर फळाशी नाही, जिभेशी नाही, चवीशीही नाही. पाचव्या शीलातला शब्द 'पमादट्ठान' आहे, प्रमादाचे स्थान. मग चव कितीही उत्तम ठरली तरी मूळ प्रश्नाला तिचा स्पर्श होत नाही.

आता कालामांकडे वळू. लोभाने ग्रासलेला माणूस हत्या करतो, चोरी करतो, खोटे बोलतो. हे हिताचे की अहिताचे, असे तथागतांनी विचारले. अहिताचे, असे कालाम म्हणाले. हे जाणण्यासाठी त्यांना कोणाची हत्या करून पाहावी लागली नाही. स्वतः जाणणे म्हणजे प्रत्येक गोष्ट स्वतः करून पाहणे नव्हे. परिणाम डोळसपणे पाहणे होय.

शिवाय मद्याच्या परीक्षेत एक अडचण आहे, ती दुसऱ्या कोणत्याही परीक्षेत नाही. कापड तपासल्याने डोळा अधू होत नाही. मद्य मात्र तपासणाऱ्यालाच बोथट करते. म्हणूनच जाणते परीक्षकही लहान घोट घेतात आणि एका बैठकीतल्या नमुन्यांना मर्यादा घालतात. नागाला नमवणारे सागत भिक्खू कोसंबीत घरोघर मद्य प्याले आणि नगरद्वारी कोसळले. तेव्हा भगवंतांनी विचारले की, आता हा विरोळ्याशी तरी झुंजू शकेल काय? ज्या तागडीने तोलायचे, ती तागडीच आधी बिघडते.

आणि अनुभव फक्त पिणाऱ्याच्याच जिभेवर असतो काय? पगाराच्या दिवशी दाराकडे डोळे लावून बसणाऱ्या बाईने आयुष्यात एक थेंब चाखलेला नसतो; तरी दारू म्हणजे काय, हे तिच्याइतके कोणाला कळते? फीची मुदत टळली म्हणून वर्गात मान खाली घालणाऱ्या मुलालाही ते कळते. सिगालाला सांगितलेले धननाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि प्रज्ञेचा ऱ्हास हे सहा दोष असेच पाहून जाणलेले आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली, तीही या घरांकडे पाहून दिली, असे मी समजतो.

शिकलेला तरुण म्हणेल, मी मर्यादेत पिईन, माझे घर बुडणार नाही. कदाचित बुडणार नाही. पण वस्तीतले धाकटे भाऊ त्याच्याकडे पाहूनच शिकतात. त्याच्या हातातला महाग पेला पाहून ते दारू कबूल करतील. त्यांना परवडेल ती स्वस्तातली. चेरीच्या सुगंधाला १२ पैकी १२ गुण खुशाल द्यावेत. पेला उचलावा की नाही, याचा निर्णय मात्र न चाखता देता येतो, आणि तो शुद्धीवर असतानाच द्यायचा असतो.