फाईल कुणाची?

सासूबाईंची फाईल अजून माझ्या कपाटात आहे. खालच्या खणात, जुन्या साड्यांच्या मागे. वर त्यांचं नाव, वय ७४. आतला एकही कागद त्यांनी वाचलेला नाही. वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे. रोज सकाळी चष्मा लावून तासभर स्वाध्याय करणारी बाई ती.

गोष्ट २०१९ सालची. डोळे पिवळे दिसले म्हणून आमच्या डिचोलीत आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग डॉक्टर, मग मोठं इस्पितळ. निघाला स्वादुपिंडाचा कॅन्सर, तोही यकृतापर्यंत पोचलेला. डॉक्टरांनी माझ्या यजमानांना आणि दिरांना आत बोलावून सांगितलं. बाहेर आल्या आल्या भावोजी म्हणाले, "आईला कावीळच सांगायची." कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही. उलट मला हायसं वाटलं, कारण सांगायची वेळ माझ्यावर आली असती.

वॉर्डात पेडण्याकडची एक सिस्टर होती. वयाने माझ्या भाचीएवढी. भावोजींनी तिलाही बजावलं. ती शांतपणे म्हणाली, "आपणहून मी काही सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण आजींनी मला सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. डॉक्टरांना त्यांच्यापाशी बसवीन." भावोजींना राग आला. एवढीशी पोर आम्हाला शिकवते!

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलंच. मी मोसंबी सोलत होते. सिस्टर म्हणाली, "आजी, तुम्हाला सगळं जाणून घ्यायचंय, की मुलांना कळलं तरी पुरे?" हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "शरीर माझं आहे ना? मग मला सांगा."

सिस्टरने डॉक्टरांना तसं कळवलं. आम्ही मात्र डॉक्टरांना आधीच व्हरांड्यात गाठलं, हात जोडले, दोन दिवस थांबा म्हणून विनवलं. ते थांबले. दुसऱ्या रात्री त्यांना थंडी वाजून ताप भरला, संसर्ग रक्तात गेला, आणि त्यानंतर सासूबाई पुरत्या शुद्धीवर कधी आल्याच नाहीत.

पुढे मी एकदा विषय काढला तेव्हा यजमानांनी मला शास्त्र सांगितलं. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सत्याणुव्रताची व्याख्या आहे: स्थूल असत्य बोलू नये, बोलवू नये, आणि दुसऱ्यावर संकट आणणारं सत्यही बोलू नये. आपण पाठशाळेत ऐकलेलं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. शिकारी विचारतो, हरीण कुठे गेलं? तिथे खरं सांगणं हा धर्म नाही. यजमान म्हणाले, "आईने धसका घेतला असता. आपण तेच केलं."

मी बरेच दिवस या उत्तरावर गप्प होते. खोटं नव्हतं ते. काही माणसांना खरोखर कळून घ्यायचं नसतं, आणि अशांच्या कानात रिपोर्ट ओतणं हीसुद्धा हिंसाच. पण मग एके दिवशी भांडी विसळताना लक्षात आलं की उदाहरणात विचारणारा शिकारी आहे. आमच्याकडे विचारणारी हरिणीच होती.

आणि त्याच ग्रंथात सल्लेखनाही सांगितली आहे. उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण आणि ज्यावर उपाय उरलेला नाही असा रोग, अशा वेळी धर्मासाठी शरीराचा त्याग. आता मला सांगा, रोगावर उपाय उरलेला नाही हे ज्याला कुणी कळूच दिलं नाही, त्याने निर्णय करायचा कसा? आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, ३६ दिवसांची. दृष्टी जात चालली होती, डोळ्यांनी दिसेनासं झालं की चालताना जीव कसे सांभाळणार, म्हणून. डोळ्यांची अवस्था त्यांना ठाऊक होती, तिथून सगळं सुरू झालं.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्या ठरवली तेव्हा आपल्या समाजाने गावोगाव मूक मोर्चे काढले. मी तेव्हा माहेरी, सांगलीकडे होते. मीही चालले. महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली तेव्हा घरात पेढे वाटले, तेही सासूबाईंनीच. ज्या हक्कासाठी उन्हात चाललो, तो चार वर्षांनी घरातल्याच बाईला आम्ही व्हरांड्यातल्या व्हरांड्यात नाकारला.

त्यांनी सल्लेखना घेतली असती का? मला माहीत नाही. महाराजांनी कदाचित परवानगीही दिली नसती. पण निपाणीच्या धाकट्या बहिणीशी त्यांचा अकरा वर्षं अबोला होता. तिला बोलावून क्षमा तरी मागितली असती. मावशी आल्या त्या अंत्यदर्शनाला.

आता त्या सिस्टरबद्दल. नाकात नळी घातल्यावर दर दोन-तीन तासांनी त्यातून पातळ आहार जायचा, रात्रीसुद्धा. पन्नास वर्षं सूर्यास्तानंतर ज्यांनी अन्न घेतलं नाही त्यांच्या पोटात रात्री एक वाजता दूध-पेज जात होती आणि आम्ही चार मुलं-सुना बघत उभे होतो. सिस्टरनेच विचारलं, "काकी, आजी जैन ना? रात्री जेवायच्या?" मला रडू फुटलं. तिने डॉक्टरांना विचारून आहाराच्या वेळा दिवसावर आणून दिल्या. शुद्धीत नसलेल्या बाईचं व्रत एका परधर्मीय मुलीने सांभाळलं. आपल्याकडे सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य आहे, सेवेचं तप. मुनींच्या सेवेपुरतं आपण ते धरून ठेवलंय.

घरी सोडताना तिने मला सगळं शिकवलं. नळीतून देण्याआधी उशाकडची बाजू उंच करायची, दिल्यावरही तास-अर्धा तास तशीच ठेवायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड रोज बघायचं, तिथे लाली आली तर लगेच सांगायचं. नुसतं सांगून थांबली नाही. "आता तुम्ही करा, मी बघते," म्हणाली. पहिल्यांदा माझे हात थरथरले. तिने पुन्हा करायला लावलं.

कूस बदलताना मला अरुणा शानबाग आठवायची. मुंबईच्या केईएममधली नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला आणि त्यानंतर ती १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, त्याच इस्पितळात पडून राहिली. इतक्या वर्षांत पाठीला जखम होऊ दिली नाही तिथल्या नर्सनी. तिच्या मरणाची परवानगी मागणारा पिंकी विराणी यांचा अर्ज ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, आणि तिच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा असेल तर तो रोज सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा, असं म्हटलं. नर्स तिला माशाचं सूप भरवायच्या, कारण तिला ते आवडायचं. माझ्यासारखीला वाचताना क्षणभर अडखळायला झालं. पण ती जेवण तिचं होतं, माझं नव्हे.

अरुणाला विचारणं शक्य नव्हतं म्हणून दुसऱ्यांना बोलावं लागलं. सासूबाई तर तोंडाने विचारत होत्या.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या शेवटच्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवायला मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये त्यातल्या अटी सोप्या केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या गोव्यात २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी असा कागद केला, तेव्हा गोव्यातला पहिलाच म्हणून पेपरात आला होता. मी ते कात्रण कापून ठेवलं.

गेल्या चातुर्मासात मीही कागद केला. साक्षीला शेजारच्या वहिनी आणि महिला मंडळातल्या एक बाई. मला बोलता येईनासं झालं तर निर्णय मुलाने घ्यायचा, असं लिहिलं. वकील म्हणाले, बाकी मजकूर ठरलेला असतो. मी त्यात एक वाक्य हट्टाने घातलं: मी शुद्धीत असेपर्यंत रिपोर्ट आधी मला दाखवावा.

मुलाने वाचून मान हलवली. यजमानांनी चष्मा काढून ठेवला आणि "बघू" म्हणाले. तो कागद मी सासूबाईंच्याच फाईलमध्ये ठेवलाय.