चूर्ण आणि ऋण

ताटांतील अन्न कोणाकोणाच्या हातून आलें, हें जेवतांना सहसा कोणी विचारीत नाहीं; आणि तें दळून पीठ झालेलें असलें म्हणजे तर विचारण्याची आठवणहि राहत नाहीं. परवां येथें नागपुरांत एका जुन्या विद्यार्थिनीनें मला आपली प्रयोगशाळा दाखविली, तेव्हां ही गोष्ट मला नव्यानें जाणवली.

तिच्यापुढें बाटलींत फिकट चूर्ण होतें. सस्तन प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर वाढवावयाच्या, तर त्यांचें हें अन्न: अमिनो आम्लें, जीवनसत्त्वें, क्षार आणि द्राक्षशर्करा. तें शुद्ध पाण्यांत विरघळवून त्यांत खाण्याचा सोडा मिसळतात. उष्णतेनें कांहीं द्रव्यें नासतात म्हणून न उकळतां अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणींतून गाळतात. अमेरिकेंत हॅरी ईगल ह्यांनीं १९५५ च्या सुमारास एकेक द्रव्य वगळून पाहून अशी यादी बसविली. आज मुंबईच्या हायमीडियासारखी कंपनी हें चूर्ण आपल्याकडेंच तयार करते.

"म्हणजे यादी पूर्ण झाली ना?" मीं विचारलें.

"नाहीं सर. बहुधा यांत दहा टक्के सीरम घालावें लागतें."

हें सीरम म्हणजे गाभण गाय कापल्यावर तिच्या पोटांतील वासराच्या रक्तापासून काढलेला रस! पेशीस काय हवें हें जेथवर आपणांस कळलें, तेथवर आपण तोलून दिलें; जेथें कळलें नाहीं, तेथें दुसऱ्या जिवाचें रक्त ओतलें. कित्येक पेशींपुरतें सीरमावांचून चालणारें अन्न आतां सिद्ध झालें आहे. नुसता हळहळणारा मनुष्य त्या वासरासाठीं जें करूं शकत नाहीं, तें एखादें अज्ञात द्रव्य शोधून काढणारा करतो. येथें ज्ञान हेंच दयेचें साधन होय.

मग ज्ञान वाढलें कीं नीति आपोआप वाढते काय? जवळच्याच पेटींत, सदतीस अंशांच्या उबेंत, 'हेला' पेशी वाढत होत्या. ईगल ह्यांनीं आपली यादी ज्या पेशींवर पारखली, त्यांत ह्या होत्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांतूनहि त्या संशोधकांस मिळतात. १९५१ सालीं बाल्टिमोर येथें हेन्रिएटा लॅक्स ह्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदांतून त्या घेतल्या, त्या तिला न विचारतां. पांच मुलांची ती आई त्याच वर्षीं वारली. कुटुंबास हें कळावयास वीसाहून अधिक वर्षें लागलीं.

कोणी म्हणेल, ह्या पेशींमुळें पोलिओच्या लशीची परीक्षा सुलभ झाली, असंख्य मुलें वांचलीं. मग न विचारल्याचें एवढें काय? परंतु फळ मोठें निघालें म्हणून ऋण लहान होत नाहीं, उलट तें वाढतें. वासरास विचारतां येत नाहीं. तेथें शोध घेत राहणें हें कर्तव्य. हेन्रिएटेस विचारतां येत होतें; तेथें कोणतेंहि ज्ञान कमी पडलें नव्हतें, केवळ तिला मनुष्य म्हणून मानण्याची बुद्धि कमी पडली. पहिलें कर्तव्य कितीहि चोख बजावलें, तरी त्यानें दुसरें फिटत नाहीं.

बाटलीवरील यादींत प्रत्येक द्रव्य मिलिग्रॅममध्यें लिहिलेलें होतें. वासरास नांवच नव्हतें. हेन्रिएटा लॅक्सला होतें. त्यांतील पहिलीं अक्षरें तेवढीं शास्त्रानें ठेवून घेतलीं.