न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर

जुनी स्पोर्ट्स कार विकत घेताना रंग तपासतात, तेव्हा खरी उत्सुकता रंगाबद्दल नसतेच. त्याखाली काय घडून गेलं, ते हवं असतं. कारखान्यात रंग नुसत्या सांगाड्यावर चढतो. तेव्हा त्यावर रबर नसतं, काचा नसतात, म्हणून तो भरपूर तापमानाला भाजता येतो. गॅरेजमध्ये तयार गाडी रंगवताना हे सगळं झाकावं लागतं, आणि झाकल्याची खूण मागे राहते. दाराच्या रबरावर रंगाचे बारीक तुषार, आतल्या कडेला टेपची रेघ, बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे, उन्हात तिरकं पाहिलं की मेटॅलिक छटेत पडलेला किंचित फरक. डोळ्यांनी भागलं नाही तर मीटर असतं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा. पुन्हा रंगवला की आकडा २००-३०० पर्यंत जातो. पुट्टी भरली असेल तर ५००, कधी १००० च्याही वर.

असं मीटर माझ्याकडे असल्यामुळे गाडी बघायला जाताना मित्र मला सोबत नेतात. पुण्यात एक जुनी पोर्शे ९११ पाहिली तेव्हाची गोष्ट. बॉनेटवर २३० दिसले. मालक लगेच म्हणाले, "एक्सप्रेसवेवर दगड उडून टवके गेले होते, रंगवून घेतलं." पटण्यासारखं होतं. जमिनीला टेकलेल्या नाकाची गाडी चालवली की टवके उडणारच. तो रंग गाडी वापरल्याची खूण, लपवाछपवी नव्हे. पण मागच्या डाव्या चाकावरच्या पॅनेलवर आकडा ७०० च्या पुढे गेला. बॉनेट बोल्ट काढून बदलता येतं; हे पॅनेल सांगाड्याचाच भाग असतं. मालक म्हणाले, "माझ्याकडे आल्यापासून गाडीला एकही ॲक्सिडेंट नाही, साहेब."

हे वाक्य बहुधा शब्दशः खरं होतं. ते पहिले मालक नव्हते. पण वाक्याचा सगळा भार 'माझ्याकडे आल्यापासून' या दोन शब्दांवर होता, आणि ऐकणाऱ्याने ते दोन शब्द गाळून उरलेलं ऐकावं, अशी त्याची रचना होती. याला खोटं म्हणायचं का?

आपल्या कायद्याने हा प्रश्न घोड्यावर बसवून सोडवला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये उदाहरण आहे: घोड्यात खोट आहे हे ठाऊक असलेला माणूस तो लिलावात विकतो आणि गप्प बसतो. ही फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य. आणि घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धड आहे असं मी धरेन', तर त्यानंतरचं मौन बोलण्यासारखंच.

कायदा म्हणून हे ठीक. पण यातून निघणारी नीती मला अपुरी वाटते. तिच्यानुसार मुलीशी खरं बोलायचं आणि परक्याने योग्य प्रश्न विचारायला शिकायचं. मीटर असलेल्याला सत्य मिळणार, नसलेल्याला रंग. शिवाय त्या गाडीत पुढे विकत घेणारा एकटाच बसणार नाही. सांधा कच्चा जोडला गेला असेल, तर त्याची किंमत त्या व्यवहारात नसलेलं कुणीतरी मोजेल.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिसेरोने दोष असलेलं घर विकणाऱ्याबद्दल हाच वाद मांडला. न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे, ही एक बाजू. त्याचं स्वतःचं उत्तर असं, की ज्याला कळायला हवं त्याला ते कळू नये असं आपल्या फायद्यासाठी वाटणं, हेच लपवणं. यातून मला एक साधी कसोटी मिळते. समोरच्याचं मीटर एखाद्या पॅनेलकडे सरकताना तुमच्या पोटात गोळा येतो का? येत असेल, तर नेमकं तेच तुम्ही आधी सांगायला हवं होतं. बॉनेटबद्दल मालक मोकळेपणाने बोलले, कारण तिथे गोळा नव्हता.

मात्र ही कसोटी घेणाऱ्यालाही लागू होते, आणि ते आपण सहसा विसरतो. २३० चा आकडा निरुपद्रवी आहे हे मला ठाऊक असतं. तरी चेहरा गंभीर करून, 'रंग मारलाय हो' म्हणत लाखभर कमी करून घेणारे मी पाहिले आहेत. आकडा खरा, चेहरा खोटा. विकणारा अर्धं सत्य बोलून किंमत वाढवतो, घेणारा अर्ध्या सत्याला तोंड पाडून ती कमी करतो. दोघंही समोरच्याच्या अज्ञानावर पैसे कमावतात. विकणारा गप्प बसला म्हणून त्याला नावं ठेवायची, तर आपणही म्हणायला हवं: बॉनेट ठीक आहे, त्याचे पैसे मी कापत नाही, मागच्या पॅनेलचं मात्र बोलू.

मित्राने तसंच म्हटलं. मालक थोडा वेळ गप्प राहिले, मग आधीच्या मालकाकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. गाडी मित्राने घेतली नाही. पण जाताना त्याने त्यांना विनंती केली, की पुढच्या गिऱ्हाइकाला हे त्याने विचारायच्या आधी सांगा. ते सांगतील की नाही, हे मोजणारं मीटर अजून निघालेलं नाही.