कोनावरचा दोरा आणि वस्त्राचे एकत्व

घरगुती शिलाई यंत्रावर मोठा कोन वापरायचा तर तो रिळाच्या दांडीवर बसवत नाहीत, यंत्रामागे वेगळ्या स्टँडवर उभा ठेवतात. कोनावर दोरा तिरपा, एकमेकांना छेद देत गुंडाळलेला असतो आणि कोन जागचा न हलता तो टोकावरून वर सुटतो. म्हणून कोनाच्या बरोबर डोक्यावर एक आकडा लागतो. दोरा आधी सरळ त्या आकड्यातून वर जातो, मग यंत्राकडे वळतो. अशा कोनावर काही हजार मीटर सलग दोरा असतो. तो कधी सदऱ्याच्या खांद्यात जातो, कधी परकराच्या नेफ्यात, कधी उशीच्या अभ्र्यात, आणि दर ठिकाणी सुट्या तुकड्यांचे एक वस्त्र होते. हे ‘एक होणे’ म्हणजे नेमके काय? तुकडे आणि दोरा यांहून निराळे असे काही तिथे नव्याने जन्मते का? भारतीय दर्शनांमध्ये हा वाद हजार वर्षांहून अधिक काळ चालला आणि त्यात सतत पुढे येणारे उदाहरण धागा आणि वस्त्र हेच होते.

न्याय आणि वैशेषिक दर्शनांचे उत्तर ठाम आहे. वस्त्र हे धाग्यांहून वेगळे, नवे द्रव्य आहे. धागे हे अवयव आणि वस्त्र हा अवयवी. धागे वस्त्राचे समवायिकारण, धाग्यांचा परस्परांशी संयोग हे असमवायिकारण, आणि माग, धोटा, विणकर ही निमित्तकारणे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तही विद्यार्थ्याला कारणांचे प्रकार याच उदाहरणाने शिकवले जातात. हा विचार किती बारकाईने केला गेला, ते रंगाच्या चर्चेत दिसते. निरनिराळ्या रंगांच्या धाग्यांनी विणलेल्या वस्त्राचा म्हणून एक रंग कोणता, या प्रश्नावर नैयायिकांनी ‘चित्ररूप’ हा स्वतंत्र रंगच मानला, कारण वस्त्र एक असेल तर त्याचे रूपही एक असले पाहिजे. या आग्रहामागे कारण होते. परमाणू डोळ्यांना दिसत नाहीत. जगात नुसते परमाणूंचे ढीग असतील तर काहीच दिसू नये. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आणखी एक युक्तिवाद येतो: वस्तू धरता येते आणि ओढता येते. सदऱ्याची बाही ओढली की सगळा सदरा हाती येतो, धान्याच्या राशीतला एक दाणा ओढला तर रास येत नाही.

विरोधकांनी या मतावर चहूबाजूंनी हल्ले केले. वस्त्र हे नवे द्रव्य असेल तर त्याचे वजन धाग्यांच्या वजनात मिळवावे लागेल, मग तराजूचे पारडे खाली का जात नाही? बौद्धांचा प्रश्न अधिक अडचणीचा होता. वस्त्र प्रत्येक धाग्यात पूर्णपणे राहते की अंशाने? पूर्णपणे राहत असेल तर एकाच धाग्यात सगळे वस्त्र मावले, बाकीचे व्यर्थ. अंशाने राहत असेल तर धाग्यांखेरीज वस्त्राला आणखी अंश मानावे लागतील. पंडित अशोक या बौद्ध लेखकाने तर ‘अवयविनिराकरण’ नावाचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात यावर दिलेले उत्तर थोडक्यातले आहे: जे एक आहे त्याच्याविषयी ‘पूर्ण’ आणि ‘अंश’ हे शब्दच लागू होत नाहीत, म्हणून प्रश्नच चुकीचा. हे उत्तर तर्काने तोडता येत नाही, पण त्याने मनाचे समाधानही होत नाही.

सांख्यांना नवे द्रव्यच नको होते. कार्य कारणात आधीपासून असते, फक्त प्रकट होते, हे ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतले मत. त्यावरच्या ‘तत्त्वकौमुदी’त वाचस्पती मिश्राने वजनाचा मुद्दा घेतलाच, शिवाय एका खऱ्या अडचणीलाही हात घातला. सुटा धागा अंग झाकत नाही, वस्त्र झाकते. मग दोन्ही एक कसे? त्याचे म्हणणे असे की पालखीचा एकेक भोई रस्ता पाहू शकतो, पण पालखी उचलू शकत नाही; सगळे मिळून ती उचलतात. म्हणून भोयांहून वेगळी वस्तू काही जन्मत नाही. या वादातला हा सर्वांत सकस युक्तिवाद मानायला हरकत नाही. शंकराचार्य वेदान्ताच्या बाजूने ब्रह्मसूत्रभाष्यात याच दिशेने जातात. गुंडाळलेले वस्त्र पाहिले तर त्याची लांबीरुंदी कळत नाही, उलगडल्यावर कळते. तरी वस्त्र तेच. कोनावरच्या दोऱ्यालाही हे लागू पडते. त्याची लांबी गुंडाळीत दिसत नाही, पण शिवताना ती नव्याने निर्माणही होत नाही.

ही सगळी चर्चा विणलेल्या वस्त्राची आहे. शिवलेल्या वस्त्रात मामला अवघड होतो, कारण इथे जोडणारा दोरा बाहेरून येतो आणि शेवटी त्याच वस्त्राचा भाग होतो. न्यायसूत्रांवरचा भाष्यकार वात्स्यायन याने आपल्याच पक्षाच्या ‘ओढता येते’ या युक्तिवादावर शंका घेतली होती. गवत, दगड, लाकूड लाखेने चिकटवले तर तेही एकत्र ओढले जातात, पण त्यांचे नवे द्रव्य होत नाही. शिवण ही लाखेच्या जातीची म्हणावी का? अवयव आणि अवयवी यांना जोडणारा जो संबंध नैयायिक मानतात तो समवाय; त्यावरचा शंकराचार्यांचा आक्षेपही इथे आठवतो. दोघांना जोडायला समवाय लागला, तर समवायाला त्या दोघांशी जोडायला दुसरा समवाय लागेल, त्याला तिसरा, आणि या मालिकेला अंतच राहणार नाही.

शिलाई यंत्राचा टाका या आक्षेपाला एक वेगळे उत्तर देतो. एलियस हाऊने 1846 मध्ये ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात सुईचे नेढे टोकाजवळ होते आणि खालचा दोरा शटलमधून येत होता. आजचे घरगुती यंत्रही याच तत्त्वावर टाका घालते. वरचा दोरा खाली उतरतो, बॉबिनच्या दोऱ्याला अडकतो आणि दोघांची गाठ कापडाच्या जाडीत, मधोमध बसते. तिसरा दोरा लागत नाही. दोन्ही दोरे परस्परांना धरतात, आणि त्यांना धरून ठेवतो तो ताण. कोन नीट सुटला नाही, दोरा कुठे अडला, की वरचा ताण वाढतो, बॉबिनचा दोरा वरच्या बाजूला दिसू लागतो आणि शिवणीला चुण्या पडतात. कापड तेच, दोरा तोच, तरी शिवण बिघडते. द्रव्य पुरेसे नाही, संयोग हेही कारण मोजावे लागते, असे वैशेषिक म्हणत होते ते इथे डोळ्यांनी दिसते. मात्र त्यातून नवे द्रव्य सिद्ध होते असे नाही. सिद्ध होते ते इतकेच, की मांडणी ही वस्तूइतकीच खरी आहे.

दोरा कापण्याचाही प्रश्न नैयायिकांच्या हिशेबात आहे. वस्त्रातून एक धागा काढला तर त्यांच्या मते जुने मोठे वस्त्र नष्ट होते आणि ‘खंडपट’ हे नवे वस्त्र उत्पन्न होते. या न्यायाने प्रत्येक शिवणीनंतर कात्री चालली की कोनावरचा दोराही नवा होतो. व्यवहाराला हे पटत नाही; पण अवयवी मानला की हे मानणे भागच पडते, आणि नैयायिकांनी ते टाळले नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

उपनिषदांत दोरा विश्वाच्या पातळीवर जातो. बृहदारण्यकात गार्गी याज्ञवल्क्य ऋषीला विचारते, हे सगळे कशात ताण्याबाण्यासारखे विणले आहे. उद्दालक आरुणी विचारतो, इहलोक, परलोक आणि सर्व भूते कोणत्या सूत्राने ओवली आहेत. याज्ञवल्क्य त्याला वायू हे उत्तर देतो: माणूस मेला की त्याची गात्रे सैल पडली म्हणतात, कारण तो धागा निघून गेलेला असतो. गीतेच्या सातव्या अध्यायात ईश्वर सूत्र होतो आणि जग त्यात ओवलेले मणी. त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वर मणीही सोन्याचे करतात आणि सूतही सोन्याचे. नाहीतर मणी आणि दोरा दोन राहतात, आणि अद्वैत त्या फटीतून निसटते.

सुती कापड सुती दोऱ्याने शिवले तरी शिवण उसवता येते. एकच द्रव्य असणे व्यवहारात एकत्वाची हमी देत नाही. ज्ञानेश्वरांच्या दृष्टान्ताने नैयायिकांचा वाद सुटत नाही, कारण दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत. नैयायिक विचारतात, तुकड्यांचे एक कसे होते. ज्ञानेश्वरांच्या मते तुकडे कधी पडलेच नव्हते. ज्याला खांद्याची शिवण घालायची आहे त्याला पहिला प्रश्न सोडता येत नाही, आणि त्याच्यापुरते वैशेषिकांचे संयोगाविषयीचे म्हणणे अवयवी न मानताही टिकते.